वंशावळीत नसलेल्या बाया

वंशावळ म्हटली की आपल्याला राजेरजवाडे आठवतात, देशमुख-पाटील आठवतात. त्यांच्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची बाडे बांधून ठेवलेली असत. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत त्यांच्या आजोबा-पणजोबांची नावे असत. घरातले कुणी तीर्थाला गेले की उपाध्याय वही उघडणार, जुनी नावे वाचून दाखवणार आणि नव्या पिढीचे नाव खाली जोडणार. आपल्या माणसांची अशी वही कोण ठेवणार? ज्या नाशिकला काळाराम मंदिराच्या दारासाठी १९३० साली सत्याग्रह करावा लागला, तिथे आपल्या पणजोबांचे नाव लिहून घ्यायला कोण बसले होते? म्हणून आपल्याकडे वंशावळ विचारली की ती आजोबांच्या नावापाशी येऊन थांबते.

गंमत अशी, की ज्यांची वंशावळ कुणी लिहिली नाही त्यांच्याकडेच आज ती मागितली जाते. मुलाला इंजिनिअरिंगला घालायचे असो, मुलीला नर्सिंगला घालायचे असो, कुणाला राखीव जागेवरून ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायची असो, जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी राज्याचा कायदा २००० साली झाला आणि २००१ पासून तो लागू आहे. अर्जाबरोबर वंशावळीचे शपथपत्र द्यावे लागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख महत्त्वाची. त्या तारखेच्या आधी आपले घराणे इथलेच होते आणि याच जातीचे होते, हे कागदाने दाखवावे लागते.

मी सुलतानपूरची सून. अंगणवाडीत मदतनीस आहे. माझे यजमान गवंडीकाम करतात. आमची थोरली मुलगी बारावी झाली आणि तिने नर्सिंगचा अर्ज भरायचे ठरवले, तेव्हा हा सारा शोध आमच्या घरात सुरू झाला. यजमानांना कामावर खाडा करून चालत नव्हते. सासऱ्यांचे, म्हणजे आमच्या मामाजींचे वय पंचाहत्तरीच्या पुढचे. तेव्हा कागद गोळा करायचे काम माझ्याकडे आले. पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि एक शंभर पानी वही घेऊन मी एस.टी.ने फिरत होते. त्या फिरण्यातून जे कळले ते आपल्या इतर बहिणींच्या उपयोगी पडेल, म्हणून हे लिहीत आहे. घरातल्या माणसांची नावे मात्र मी छापत नाही, तशी त्यांची इच्छा आहे.

दोन भाऊ, दोन शब्द

सुरुवात शाळेपासून केली. मामाजींच्या थोरल्या भावाचा शाळाप्रवेश १९४४ चा. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात त्यांचे नाव सापडले. हेडमास्तरांनी पान उघडून दाखवले तेव्हा माझे हात थरथरले. मुलाचे नाव, बापाचे नाव, जन्मतारीख, आणि जातीच्या रकान्यात 'महार'. आडनाव नव्हतेच. त्याच शाळेत मामाजींच्या धाकट्या भावाचे नाव १९५८ साली घातलेले. तिथे आडनाव आहे आणि जातीच्या रकान्यात 'बौद्ध' असे लिहिले आहे. एकाच मायबापाची दोन लेकरे, एकाच शाळेत, आणि दोघांच्या नावापुढे दोन शब्द.

या दोन शब्दांच्या मध्ये काय घडले हे आपल्या वाचकांना सांगायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते. १९६१ ला ते सत्तावीस लाखांच्या वर गेले. हे आकडे आपण भाषणांतून ऐकतो. पण गावच्या शाळेचे रजिस्टर एकामागून एक पाने उलटून पाहिले, तर ती क्रांती आपल्याला मास्तरांच्या शाईत दिसते. आधीच्या पानांवर दगडू, धोंडू, कचरू अशी नावे. लेकरे जगत नसत, म्हणून मुद्दाम कुणाची नजर लागू नये अशी नावे ठेवत. पुढच्या पानांवर सिद्धार्थ, गौतम, अशोक, सुजाता येऊ लागतात. त्या रजिस्टरावर कुणी भाषण लिहिले नाही, पण आपल्या आजोबा-आज्यांनी काय ठरवले होते ते तिथे स्वच्छ लिहिलेले आहे.

मुलीने मला विचारले, "आई, आपण तो शब्द टाकून दिला. मग पुन्हा तोच शोधत काहून फिरायचं?" प्रश्न बरोबर होता. मामाजींनी तिला समजावले. म्हणाले, "बाई, धर्म बदलला म्हणून गावानं वागवणं बदललं नाही. पाणवठा तोच व्हता, वाडा तोच व्हता. म्हणून तर सवलत मागावी लागली." धर्मांतरानंतर केंद्राच्या सवलतींतून बौद्ध बाहेर पडले होते. मोठ्या लढ्यानंतर १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्धांचा त्यात समावेश झाला. म्हणूनच आज आपल्याला दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात, आपण आज बौद्ध आहोत हे आणि पूर्वी कोणत्या जातीचे होतो हे. तो जुना शब्द कागदावरचा पुरावा आहे, आपली ओळख नाही. एवढे समजले की रजिस्टर उघडताना मान खाली जात नाही.

शाळेच्या रजिस्टराची किंमत काय असते ते आपल्याला बाबासाहेबांच्याच आयुष्यात दिसते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव १९१४ या क्रमांकावर नोंदले गेले. घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ. गाव आंबडवे, त्यावरून पुढचे आडनाव आले. आज तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. एका रजिस्टरातल्या एका ओळीचा दिवस साऱ्या राज्यात साजरा होतो! आपल्या गावच्या शाळेतही आपल्या आजोबांची अशीच एक ओळ पडून असते. ती कुणी पाहायला जात नाही एवढेच.

वल्द आणि जौजे

शाळेनंतर कोतवाल बुक. हा शब्द आपल्या वऱ्हाडातल्या लोकांना माहीत आहे. गावात कुणी जन्मले, कुणी मेले की कोतवाल ती वार्ता आणी आणि लिहिता येणारा माणूस ती बुकात चढवी. महसुली भाषेत जन्म-मृत्यूच्या या नोंदवहीला गाव नमुना १४ म्हणतात. जन्म-मृत्यू नोंदणीचा नवा कायदा १९६९ साली झाला आणि पुढे गावात ग्रामपंचायत नोंदी ठेवू लागली. त्याआधीची जुनी बुके तहसिलीच्या अभिलेख कक्षात असतात. आपले सुलतानपूर आज लोणार तालुक्यात आहे, पण लोणार तालुका नंतर झाला. आधी आपण मेहकर तालुक्यात होतो. म्हणून जुना कागद शोधताना आज गाव कुठल्या तालुक्यात आहे एवढे पाहून भागत नाही, त्या साली ते कुठे होते हे विचारावे लागते.

या बुकांची भाषा समजून घ्यावी लागते. वऱ्हाड मुळात निजामाचे. १८५३ साली ते इंग्रजांच्या ताब्यात आले आणि १९०३ साली मध्यप्रांताला जोडले गेले. त्यामुळे जुन्या नोंदींत फारसी शब्द राहून गेले. 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'जौजे' म्हणजे अमक्याची बायको. 'बेवा' म्हणजे विधवा. पुरुषाचे नाव, मग 'वल्द', मग त्याच्या बापाचे नाव आणि शेवटी जात, अशी ओळ असते. आडनाव शोधत बसाल तर सापडणार नाही. आपली आडनावे बहुतेक शाळेत पडली. कुणाला मास्तरांनी गावावरून नाव दिले, कुणी पाव्हण्याचे सांगितले. दोन सख्ख्या भावांची दोन आडनावे झालेली घरे आपल्याकडे कितीतरी आहेत. म्हणून आडनाव सोडा आणि 'वल्द' धरा. बापाचे नाव धरून एकेक पायरी मागे जा.

जन्माच्या नोंदीत आणखी एक अडचण असते. तारीख, बापाचे नाव आणि जात असते, मुलगा की मुलगी तेही असते. पण बाळाचे नाव बहुधा नसते, कारण नोंद होते तेव्हा बारसे झालेले नसते. आणि आईचे नाव? ते तर कुठेच नसते. नऊ महिने जिने वाहिले तिचा त्या ओळीत पत्ता नाही. १९३७ सालच्या पानावर मामाजींच्या थोरल्या भावाचा जन्म आम्हाला असाच सापडला. बापाचे नाव, त्याच्या बापाचे नाव, जात, आणि 'मुलगा'. शाळेतली जन्मतारीख आणि ही तारीख जुळली, म्हणून तो मुलगा कोण हे ठरले.

या बुकाकडे पाहताना माझ्या मनात एक विचार सारखा येत होता. गावात मर्तिक झाले की गावोगाव सांगावा पोचवायचे काम आपल्या माणसांचे. रात्र असो, पाऊस असो, नदीला पूर असो, काठी घेऊन निघायचे. गावाच्या शिवेचा तंटा झाला तर आपल्याच माणसाची साक्ष आधी घेत, कारण शिवेचा दगडन्‌दगड त्याला पाठ. साऱ्या गावाचे मरण ज्यांनी पायी पोचवले आणि साऱ्या गावाची शीव ज्यांनी तोंडपाठ ठेवली, त्यांच्या स्वतःच्या घराची नोंद एका ओळीच्या वर कुणी केली नाही.

मानमोडीच्या साथीचे पान

समितीसाठी १९३७ आणि १९४४ चे कागद पुरेसे होते. तिथे थांबलो असतो तरी चालले असते. पण आमची आत्याबाई, म्हणजे मामाजींची मोठी बहीण, एक वाक्य नेहमी म्हणायची, "माझ्या बापाच्या बापाले मानमोडीनं नेलं." ती आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता आणि त्यात ही साथ आली. साऱ्या देशात एक कोटीहून जास्त माणसे गेली आणि मध्यप्रांत-वऱ्हाडात तर तिने कहर केला. मी ठरवले की ते पानही पाहायचे.

ते पान मोडीत होते. मोडी वाचणारे एक सेवानिवृत्त गुरुजी माझ्याबरोबर आले. मोडीत लेखणी न उचलता ओळ पुढे जाते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे नाव वाचताना दोनदा विचार करावा लागतो. इतर महिन्यांत मृत्यूच्या नोंदी थोड्या होत्या. दिवाळीच्या सुमाराला त्या एकदम वाढल्या. ओळीमागून ओळ, आणि मरणाच्या कारणाच्या रकान्यात एकच शब्द, 'ताप'. वर 'ताप', खाली 'ताप'. सारी जात एकाच रोगाने मेली, पण जातीचा रकाना मात्र प्रत्येक ओळीत भरलेला.

त्यात आम्हाला मामाजींचे आजोबा सापडले. वय तिशीच्या आसपास. त्यानंतर काही ओळी सोडून त्यांचीच एक लहान मुलगी. तिला नावही नव्हते, 'अमक्याची मुलगी, वय तीन' एवढेच. गुरुजींनी वाचले आणि थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

मग माझ्या लक्षात आले की, नवरा गेला, लेक गेली, तर मागे कोण राहिले? मामाजींचे वडील तेव्हा सात-आठ वर्षांचे असणार. ते जगले, शिकले नाहीत, पण मोठे झाले. त्यांना कुणी मोठे केले? त्या पोराच्या आईने. तिच्याबद्दल घरात कुणालाच काही माहीत नव्हते. तिचे नावही कुणाला येत नव्हते. आम्ही पुढची बुके पाहिली. १९४६ च्या पानावर ती सापडली. तिचे नाव, पुढे 'बेवा' आणि नवऱ्याचे नाव, वय पन्नाशीच्या पुढे, कारण पुन्हा 'ताप'. म्हणजे नवऱ्यामागे ती अठ्ठावीस वर्षे जगली होती. दुष्काळाच्या वर्षात, एक पोर काखेला मारून, दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपण करून तिने ते घर उभे ठेवले होते. तिने हात टेकले असते तर आमचे घराणे १९१८ च्या त्याच पानावर संपले असते.

आत्याबाईला नाव वाचून दाखवले. ती म्हणाली, "एका डोळ्यानं अधू म्हातारी व्हती. मले चुलीपाशी भाकर द्यायची. नाव मले कोनं सांगितलं? आम्ही तिले म्हातारीच म्हणत व्हतो." एवढे बोलून तिने ते नाव हळूच दोनदा उच्चारले. शहात्तर-सत्याहत्तर वर्षांनी त्या बाईला घरात कुणी नावाने हाक मारली.

ओवीने दाखवलेली वाट

कागदाने एक बाई दिली, दुसरी मात्र कागदात कुठेच नव्हती. मामाजींची आई मोगलाईतली. आपल्या भागातल्या जुन्या माणसांच्या तोंडी हा शब्द अजून आहे. आपले गाव इंग्रजांच्या वऱ्हाडात आणि लोणारच्या पलीकडे थोडे गेले की निजामाची हद्द. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले तोवर ती वेगळ्याच राज्यातली भूमी होती. पण सोयरिकीला हद्द आडवी येत नसे. इकडच्या लेकी तिकडे, तिकडच्या इकडे. मामाजींची आई वारली तेव्हा ग्रामपंचायतीत नोंद झाली, त्यात नवऱ्याचे नाव आहे. माहेरचे गाव नाही. मामाजींना एवढेच आठवत होते की, "मंठ्याकडचं कोणतं तरी गाव."

ते गाव आम्हाला जात्याने सांगितले. आत्याबाई लहानपणी आईबरोबर दळायला बसायची. आईची एक ओवी होती. तिच्यात भावाचे नाव होते, पूर्णेच्या काठाचे वर्णन होते आणि माहेरच्या गावाचे नाव होते. मी आत्याबाईला म्हटले, "आठवंन का तुम्हाले?" ती म्हणाली, "बसल्या बसल्या नाही आठवत. जातं ओढलं तर आठवंन." घरात जाते होते, पण वापरात नव्हते. ते काढून धुतले, मूठभर ज्वारी टाकली. म्हातारीने खुंटा धरला आणि दोन-चार फेऱ्यांत गळ्यातून ओवी आली. मुलीने ती लिहून घेतली.

आम्ही मंठ्याकडे गेलो. गावात विचारत विचारत वस्तीवर पोचलो. मामाजींच्या मामाचा नातू भेटला. त्यांच्या घरातही लिहिलेले काही नव्हते, पण "आपली एक आत्या वऱ्हाडात दिली व्हती, तिकडून कोणी आलं नाही" एवढे वाक्य त्यांच्या घरात तीन पिढ्या टिकून होते. मामाजींनी त्याला जवळ घेतले आणि दोघेही रडले. त्यांच्याकडे १९५४ च्या सुमाराच्या खासरा पत्रकाची नक्कल होती, त्यात मामाचे नाव होते. मराठवाड्यातल्या बहिणींनी एवढे लक्षात ठेवावे की, निजामाच्या काळातले कागद उर्दूत असतात आणि त्यांवर फसली सन असतो. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९.

दुसऱ्या टोकाची माणसे

आपल्यासारखीच अडचण जगात आणखी कुणाची आहे का, असे मुलीने शोधले. अमेरिकेतल्या काळ्या लोकांची आहे. तिथे गुलामगिरी होती तोवर १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या याद्या मालकाच्या नावाखाली केल्या जात. त्यांत बहुधा वय, स्त्री की पुरुष आणि रंग एवढेच लिहीत. नाव नाही. गुलामगिरी १८६५ साली संपली आणि १८७० च्या जनगणनेत ही माणसे पहिल्यांदा आपल्या नावाने देशभर नोंदली गेली. म्हणून आज तिथले काळे कुटुंब आपला वंश शोधू लागले की १८७० ला येऊन भिंतीला टेकते. त्या भिंतीपलीकडे जायला ते मालकांची मृत्युपत्रे चाळतात, सरकारी दप्तरे चाळतात. मुक्त झालेल्या लोकांसाठी १८६५ साली एक बँक निघाली होती. ती १८७४ ला बुडाली, पण तिची रजिस्टरे आज फार मोलाची ठरली आहेत. कारण खाते उघडताना आई, बाप, भाऊ, बहीण यांची नावे विचारत आणि लोक विकल्या गेलेल्या आपल्या माणसांचीही नावे सांगत.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला शिकले. पुढे १९४६ साली त्यांनी काळ्यांचे थोर नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले होते. आपल्या आणि त्यांच्या स्थितीत किती साम्य आहे ते त्या पत्रात होते. मुलीने हे सांगितले तेव्हा मला वाटले, तिकडच्या बाईला खाते उघडताना निदान आईचे नाव तरी विचारले. आमच्या रजिस्टरात तो रकानाच नव्हता.

दोन वंशावळी

समितीपुढे द्यायची वंशावळ तयार झाली. वर पणजोबा, खाली आजोबा, मग त्यांचे मुलगे, मग मुलग्यांचे मुलगे आणि शेवटी आमची मुलगी. जात बापाकडून ठरते, म्हणून तिथे बापाकडचीच फांदी लागते. त्यात कुणाचा दोष नाही, तो नमुनाच तसा आहे. शपथपत्रावर यजमानांनी सही केली. मुलीने कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "आई, यात म्हातारी नाही. मोगलाईची आजी नाही. आत्याबाई नाही. आणि तूही नाहीस. सारे कागद तू आणले."

त्याच रात्री तिने माझ्या शंभर पानी वहीत दुसरी वंशावळ काढली. त्यात वर १९१८ ची ती विधवा, तिच्या शेजारी तिचा नवरा. खाली दोन लेकरे, एक जगलेले, एक न जगलेले. त्या तीन वर्षांच्या पोरीला नाव नव्हते, म्हणून मुलीने चौकट काढून आत फक्त 'मुलगी' लिहिले, पण जागा दिली. मग मोगलाईची आजी, तिचे माहेर, तिची ओवी. आत्याबाई, सासूबाई, मी. प्रत्येकीपुढे ती कोणत्या गावाहून आली आणि काय काम करायची ते लिहिले. निंदणारी, विहिरीवर माती वाहणारी, विडी वळणारी, अंगणवाडीत खिचडी शिजवणारी.

वैधता प्रमाणपत्र प्रवेशाची मुदत संपायच्या आठ दिवस आधी हातात आले. मुलगी आज नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आता आमच्या घरातल्या इतर पोरांना एवढे फिरावे लागणार नाही, कारण बापाकडच्या रक्ताच्या नात्यातल्या माणसाचे वैधता प्रमाणपत्र पुढच्यांना मोठा आधार असते. ते प्रमाणपत्र आम्ही प्लास्टिकच्या पाकिटात घालून लोखंडी पेटीत ठेवले आहे. ती वहीही त्याच पेटीत, त्याच्याच वर ठेवली आहे.

बहिणींनो, एवढे करा

मुलगा-मुलगी दहावीत गेली की कागद शोधायला लागा, बारावीचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. घरातले जे सर्वांत जुने माणूस शाळेत गेले असेल त्याच्या दाखल-खारीज रजिस्टराचा उतारा आधी काढा. मग तहसिलीत अर्ज करून कोतवाल बुकाची नक्कल मागा. अर्जात गाव, साल आणि बापाचे नाव नक्की लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला सोपे जाते. जमीन असेल तर जुने पेरेपत्रक आणि विदर्भात १९५४-५५ चे अधिकार अभिलेख पाहा. १९५१ साली नागरिकांचे रजिस्टर झाले होते, तेही विचारा. घरातले कुणी रेल्वेत, नगरपालिकेत किंवा गिरणीत असेल तर सेवापुस्तक, महार रेजिमेंटमध्ये असेल तर डिस्चार्ज बुक जपून ठेवा. महार रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली, म्हणजे ते कागद १९५० च्या आधीचे निघू शकतात. एका कचेरीत मला "पाने जीर्ण आहेत, मिळणार नाही" असे तोंडी सांगून परत पाठवले होते. तोंडी उत्तर घेऊन परतू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, उत्तर लेखी मागा. नाहीच दिले तर २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहे.

आणि कागद मिळाला म्हणून थांबू नका. बुके वाळवी खाते, पण ती उद्याही थोडीफार शिल्लक राहतील. घरातली म्हातारी मात्र उद्या असेलच असे नाही. या रविवारी तिच्याजवळ बसा. तिच्या आईचे नाव विचारा, आईच्या आईचे विचारा, माहेर विचारा, कोण कशाने गेले ते विचारा. आठवत नसेल तर तिच्या हातात जुने काम द्या, जाते द्या, सूप द्या, हात चालला की तोंड चालते. जे सांगेल ते तिच्या शब्दांत लिहा आणि खाली तारीख घाला. वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला आपण बसतोच. एखाद्या संध्याकाळी या वह्याही तिथे वाचायला हरकत नाही. सरकारी नमुन्यात बाईला जागा नाही. घरच्या वहीत ती देणे आपल्या हातात आहे, आणि त्याला कोर्ट फीचे तिकीटही लागत नाही.